करड्याची निवड : रंगीत निसर्गाच्या कृष्णधवल रूपांतराचा इतिहास

१

एकोणिसाव्या शतकातील भारतीय निसर्गाच्या छायाचित्रांविषयी लिहिताना समीक्षकाच्या हाताशी एक अन्वयार्थ फार सहज येतो. सॅम्युअल बोर्नची हिमालयातील चित्रे समोर ठेवावीत. आकाश पुष्कळदा कोरे असते, जवळची झाडी काळीभोर आणि जड असते, दूरचे डोंगर पांढुरक्या पडद्यामागे विरत जातात. मग या कोऱ्या आकाशात रिकाम्या, निर्मनुष्य, ताब्यात घेण्याजोग्या भूमीची कल्पना वाचली जाते. त्या काळ्या झाडीत साम्राज्याला वाटणारे भय वाचले जाते. आणि त्या विरत जाणाऱ्या डोंगरांत युरोपीय उदात्ततेची आयात केलेली भाषा वाचली जाते. वसाहतवादी दृष्टीची चिकित्सा आवश्यक आहे याविषयी दुमत नाही. परंतु येथे जे पुरावे म्हणून पुढे केले जाते त्यातील बराच भाग छायाचित्रकाराच्या दृष्टीने निर्माण केलेला नाही. तो काचेवरील रसायनाने निर्माण केलेला आहे.

बोर्न १८६३ मध्ये भारतात आला आणि १८६६ पर्यंत त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. तो ओल्या कोलोडियनच्या काचा वापरत असे. सिल्व्हर आयोडाइड आणि ब्रोमाइड हे क्षार निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश ग्रहण करतात. हिरवा त्यांना फारच थोडा समजतो आणि तांबडा जवळजवळ समजतच नाही. त्यामुळे या काचेपुढे निळे आकाश आणि पांढरा ढग यांत भेद उरत नाही, दोन्ही कागदावर पांढरी उमटतात. देवदारांचे रान काळे पडते. दूरच्या डोंगरावरील हवेत विखुरलेला प्रकाश मुळात निळसर असल्यामुळे काच तो डोळ्यापेक्षा अधिक पाहते, आणि पाहणाऱ्याला प्रत्यक्षात जेवढे धुके होते त्याहून दाट धुके चित्रात येते. याच काचेने कोकणातील जांभ्याचा कडा टिपला असता तर तो कोळशासारखा दिसला असता. बोर्नची विचारसरणी शोधायची तर ती त्याने लंडनच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकाला पाठविलेल्या पत्रांत आणि कॅमेरा रोवण्यासाठी त्याने निवडलेल्या जागांत शोधावी. तेथे ती भरपूर सापडते. कोऱ्या आकाशात मात्र ती शोधू नये.

या उदाहरणातून जो प्रश्न निघतो तो केवळ बोर्नपुरता नाही. रंगीत दृश्याचे करड्या छटांत रूपांतर होते तेव्हा एका दृश्याला एकच करडे रूप असते, असे आपण गृहीत धरून चालतो. ‘कृष्णधवल’ या शब्दाने या गृहीताला बळ दिले आहे. तो शब्द काळा आणि पांढरा या दोन टोकांची नावे घेतो आणि मधल्या संपूर्ण प्रदेशाविषयी मौन पाळतो. वास्तविक चित्र असते ते त्या मधल्या प्रदेशात. लाल आणि हिरवा हे दोन रंग करड्याच्या पट्टीवर कोठे बसवावेत याला निसर्गात उत्तर नाही. कोणाला तरी, किंवा कशाला तरी, ते ठरवावे लागते. म्हणून या रूपांतराच्या इतिहासाकडे भाषांतराच्या इतिहासाप्रमाणे पाहावे असे मला वाटते : निवड कोणी केली, केव्हा केली, आणि ती मागे घेता येण्याजोगी होती काय?

२

हे भाषांतर छायाचित्रणापूर्वीच सुरू झाले होते. अठराव्या शतकातील इंग्रज प्रवासी निसर्ग पाहण्यास जाताना आपल्याबरोबर एक काळसर, किंचित बहिर्गोल आरसा नेत असत. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई. दृश्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशातील प्रतिबिंब पाहायचे, अशी त्याची रीत. आरशात दृश्य लहान होई, रंगांचा भडकपणा मावळे आणि छायाप्रकाशाचे मोठे समूह तेवढे उरत. शोकगीतासाठी प्रसिद्ध असलेला कवी थॉमस ग्रे १७६९ च्या शरद ऋतूत सरोवरांच्या प्रदेशात फिरला तेव्हा हा आरसा त्याच्याजवळ होता. तो हातात उघडा धरून चालताना ग्रे पाठीवर आपटला, बोटांची हाडे खरचटली, तरी त्याने सूर्यास्त सोडला नाही, असे त्यानेच आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. (निसर्गकवितेच्या इतिहासात या आरशाला जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे मिळालेले नाही.) महत्त्वाचे हे की, ‘चित्रासारखे’ दिसण्यासाठी निसर्गाने आधी आपला काही रंग सोडला पाहिजे, अशी अपेक्षा येथे रूढ झाली.

दुसरी परंपरा खोदकामाची. चित्रकाराचे रंगीत निसर्गचित्र छापायचे तर खोदकाराला ते एका शाईत उतरवावे लागे. जॉन कॉन्स्टेबलने डेव्हिड ल्यूकस या तरुण खोदकाराकडून आपल्या चित्रांच्या मेझोटिंट पट्ट्या करवून घेतल्या आणि १८३० पासून त्या ‘इंग्लिश लँडस्केप’ या नावाने भागाभागाने प्रसिद्ध केल्या. कॉन्स्टेबलला येथे केवळ प्रतिकृती नको होती. निसर्गातील छायाप्रकाशाचे व्यापार दाखविणे हा आपला हेतू असल्याचे त्याने ग्रंथाच्या विस्तृत शीर्षकातच म्हटले आहे. चाचणी-मुद्रिते येत, तो ती दुरुस्त करी, पुन्हा पाठवी. ल्यूकसचा जीव मेटाकुटीला येई. कोणत्या हिरव्याला किती काळे करायचे याचे उत्तर मूळ चित्रात लिहिलेले नव्हते, म्हणूनच हा पत्रव्यवहार लांबला. भाषांतरकार आणि मूळ लेखक यांच्यातील वाद ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे दृश्य परिचित वाटेल.

छायाचित्र आले आणि हा संवाद एकाएकी बंद पडला. खोदकाराच्या जागी क्षार आले, आणि क्षारांशी वाद घालता येत नाही. तरीही छायाचित्रकारांनी तो घातला. ग्युस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास केलेल्या समुद्रचित्रांपैकी काहींत समुद्र एका निगेटिव्हचा आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हचे आहे. एकाच काचेवर दोन्ही नीट उमटत नव्हते, म्हणून त्याने क्षितिजावर सांधा जोडला. लिनीअस ट्राइप १८५५ मध्ये ब्रह्मदेशात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर सरकारी छायाचित्रकार म्हणून गेला होता. त्याने आपल्या कागदी निगेटिव्हांवर रंगाच्या कुंचल्याने ढग काढले. लष्करातील अधिकारी, सरकारी दस्तऐवज तयार करण्यासाठी नेमलेला, आणि तो आकाश रंगवितो! यात त्याला लबाडी वाटली नाही. पॅगोड्यावर आकाश होते. काचेला किंवा कागदाला ते वाचता आले नाही. त्याने ते भरून काढले. छायाचित्राची प्रामाणिकता आणि हस्तक्षेप ही द्वंद्वे आपण ज्या आत्मविश्वासाने मांडतो तो आत्मविश्वास ट्राइपच्या ढगांसमोर टिकत नाही.

३

१८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान विल्हेल्म फोगेलला असे आढळले की, इमल्शनमध्ये विशिष्ट रंजकद्रव्य मिसळले असता ते त्या रंजकाने शोषलेल्या प्रकाशालाही संवेदनशील होते. येथून हिरवा ग्रहण करणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. तांबड्यासह संपूर्ण वर्णपटाला प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून इंग्लंडमध्ये रॅटन अँड वेनराइट या कंपनीने बाजारात आणल्या. तांत्रिक इतिहासात याचे वर्णन ‘डोळ्याच्या अधिक जवळ जाणारी’ प्रगती असे होते. ते अपुरे आहे. काच जेव्हा सर्व रंग पाहू लागली तेव्हाच, कोणता रंग तिला पाहू द्यायचा नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रथमच छायाचित्रकाराकडे आला. भिंगापुढे पिवळी काच ठेवली की निळे आकाश थोडे गडद होते. तांबडी ठेवली की ते काळ्याकडे झुकते आणि दूरचे धुके विरळ होते. हिरवी ठेवली की पाने उजळतात. एकाच सकाळी, एकाच जागेवरून, चार करडी चित्रे. कोणतेही खोटे नाही.

या अधिकाराची जाणीव झाल्याचा एक क्षण इतिहासात नोंदलेला आहे. १० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचा ॲन्सेल ॲडम्स योसेमिटी येथील हाफ डोम या कड्यासमोर उभा होता. जवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्याने रिवाजाप्रमाणे पिवळा फिल्टर लावून उघडली. नंतर त्याच्या ध्यानात आले की, आकाश जसे आहे तसे, म्हणजे मध्यम करडे, येईल आणि त्या कड्यासमोर उभे राहून त्याला जे जाणवत होते ते येणार नाही. शेवटच्या काचेसाठी त्याने गडद तांबडा फिल्टर लावला. ‘मोनोलिथ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या चित्रातील ते जवळजवळ काळे आकाश असे आले. ॲडम्स आयुष्यभर या प्रसंगाकडे आपल्या पद्धतीचा उगम म्हणून बोट दाखवीत राहिला : अंतिम मुद्रित मनात आधी पाहायचे आणि मग भिंगाचे झाकण काढायचे.

ॲडम्सने पियानोवादक होण्यासाठी वर्षानुवर्षे मेहनत केली होती, आणि निगेटिव्ह ही स्वरलिपी तर मुद्रित हे तिचे वादन, ही त्याची उपमा आता सर्वतोमुखी झाली आहे. ती उपमा मुद्रणाच्या टप्प्याला लागू पडते. १९४१ मधील ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या चित्राची त्याने पुढील दशकांत केलेली मुद्रिते शेजारी ठेवली तर आकाश उत्तरोत्तर काळे होत गेलेले दिसते, जणू एकाच बंदिशीची तरुणपणीची आणि उतारवयातील मांडणी. परंतु फिल्टरची निवड ही वादनाची नव्हे, स्वरलिपी लिहिण्याचीच बाब आहे. तांबड्या फिल्टरने जो निळा प्रकाश अडविला तो काचेवर कधी पोचलाच नाही. अंधाऱ्या खोलीत कितीही प्रयत्न केले तरी तो परत मिळत नाही. ही निवड त्या जागी उभे राहून, त्या हवेत, तेथून परत फिरण्यापूर्वी करावी लागत होती, आणि ती केल्यावर बाकीची संभाव्य चित्रे नष्ट होत होती.

४

त्याच काळात, त्याच रसायनाच्या आधारे, दुसऱ्या एका माणसाने ही संभाव्य चित्रे नष्ट न होऊ देण्याची युक्ती अंगीकारली होती. सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की हा रशियन रसायनतज्ज्ञ. १९०२ मध्ये तो बर्लिनजवळ आडोल्फ मीटे यांच्या प्रयोगशाळेत शिकला आणि पुढे झारच्या आश्रयाने, मुख्यतः १९०९ ते १९१५ या वर्षांत, रशियन साम्राज्यभर फिरून त्याने छायाचित्रे घेतली. लांबट काचेवर तो एकाच दृश्याची, एकाखाली एक, तीन लहान चित्रे घेई : निळ्या, हिरव्या आणि तांबड्या फिल्टरमधून. तिन्ही करडीच. तीन रंगांच्या प्रकाशात ती पडद्यावर एकमेकांवर पाडली की रंगीत दृश्य दिसे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये हा संग्रह त्याच्या वारसांकडून विकत घेतला. त्यात अशा १,९०२ काचा आहेत. या शतकाच्या आरंभी त्या संगणकावर एकत्र करण्यात आल्या आणि क्रांतीपूर्व रशिया रंगांत पाहून जगभर आश्चर्य व्यक्त झाले.

मला त्या रंगांपेक्षा न जोडलेल्या काचा अधिक बोलक्या वाटतात. उरलमधील एखाद्या नदीचे दृश्य घ्यावे. निळ्या फिल्टरच्या चित्रात आकाश फिके, पाणी फिके आणि झाडी जड : हे थेट बोर्नचे जग. तांबड्या फिल्टरच्या चित्रात आकाश गडद, धुके कमी, डोंगरांच्या कडा स्पष्ट : हे ॲडम्सचे जग, ॲडम्सच्या आधीचे. दोन सौंदर्यदृष्टी, दोन कालखंड, दोन विचारविश्वे म्हणून ज्यांची आपण विभागणी करतो ती येथे एकाच काचेवर, काही सेकंदांच्या अंतराने, एकाच माणसाने घेतलेली शेजारी नांदत आहेत. यांतील ‘खरे’ कृष्णधवल चित्र कोणते, या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

आजचा अंकीय कॅमेरा वंशपरंपरेने या काचेचा नातू आहे. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळविलेल्या रचनेत संवेदकाच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यावर तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर असतो; निम्मे कप्पे हिरव्याचे, उरलेले दोघांत वाटलेले. कप्पा स्वतः रंग ओळखत नाही, प्रकाशाचे प्रमाण तेवढे मोजतो. रंगीत चित्र हे नंतर गणिताने रचलेले असते. रंग मूळ आणि करडे हे त्यातून काढलेले, हा क्रम यंत्राच्या पातळीवर उलटा आहे.

आणि तरी आता आपण ‘रंगीत छायाचित्राचे कृष्णधवल रूपांतर’ असे म्हणतो, कारण हाती येते ते रंगीतच. बहुतेक वेळा हे रूपांतर यंत्रावर सोपविले जाते आणि यंत्र एक सूत्र वापरते. त्या सूत्राचा एक बहुप्रचलित अवतार अमेरिकेत १९५३ मध्ये मान्य झालेल्या रंगीत दूरचित्रवाणीच्या मानकातून आला आहे. रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसावे म्हणून अभियंत्यांनी तांबड्याला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असे भार दिले. डोळ्याला कोणता रंग किती उजळ वाटतो याच्या मोजमापांचा त्यामागे आधार होता. व्यवहारासाठी हे उत्तम आहे. पण पावसाच्या तोंडावर पालवीने भरलेल्या गुलमोहराचे चित्र या सूत्रात घालून पाहावे. फुलाची मूल्ये तांबडा २००, हिरवा ४५, निळा २० आणि पानाची ६०, ११०, ४० अशी धरली तर फूल सुमारे ८८ वर येते आणि पान ८७ वर. झाड फुलले आहे की नाही हे चित्रावरून कळणार नाही. केवळ तांबड्या घटकावरून करडे केले तर फुले पेटल्यासारखी उजळतात. केवळ निळ्यावरून केले तर पानांहून काळी होतात. फोटोशॉपसारख्या प्रणालीत हे प्रमाण हवे तसे बदलता येते, आणि २००७ च्या आवृत्तीपासून त्यासाठी सहा रंगगटांच्या स्वतंत्र सरकपट्ट्याच दिलेल्या आहेत. ल्यूकसला जे महिनोन्महिने पत्रांतून समजावून घ्यावे लागे ते आता बोटाच्या हालचालीने होते.

५

सिद्धांताच्या क्षेत्रात या स्थित्यंतराचा अर्थ लावताना एक घाई झाली असे मला वाटते. पर्सच्या परिभाषेत छायाचित्र हे निर्देशक चिन्ह. वस्तूच्या प्रकाशाचा तो प्रत्यक्ष ठसा. विल्यम मिचेल यांनी १९९२ मध्ये ‘द रिकन्फिगर्ड आय’ या ग्रंथात अंकीय प्रतिमेने हा ठसा मोडीत काढल्याचे प्रतिपादन केले आणि नव्वदीच्या दशकातील पुष्कळ चर्चा त्या सुरात चालली. निसर्गचित्राच्या करड्या छटांपुरते बोलायचे तर मोडण्यासारखे तेथे फारसे नव्हतेच. प्रकाश काचेवर पोचला हे निर्देशक खरे. पण कोणत्या प्रकाशाला काच ‘प्रकाश’ मानील हा संकेताचा भाग होता, आणि तो इमल्शन बनविणाऱ्याने किंवा फिल्टर लावणाऱ्याने ठरविलेला होता.

रोलाँ बार्थने १९८० च्या आपल्या अखेरच्या ग्रंथात रंग हा कृष्णधवलाच्या मूळ सत्यावर मागाहून चढविलेला लेप आहे, अशी आपली भावना सांगितली आहे. बार्थच्या लेखनातील शोकाचा स्वर लक्षात घेतला तर ही भावना समजते. तत्त्व म्हणून ती टिकत नाही. करडे हाही लेपच आहे. विलेम फ्लुसरने १९८३ मध्ये याच्या नेमके उलट आणि माझ्या मते अधिक नेटके सांगितले : जगात काळी-पांढरी वस्तुस्थिती नसते, पूर्ण प्रकाश आणि पूर्ण अभाव या प्रकाशशास्त्रातील संकल्पना आहेत, आणि कृष्णधवल छायाचित्र हे त्या संकल्पनांचे दृश्य रूप आहे. फ्लुसरला एवढेच जोडावे लागेल की, त्या संकल्पनांमधील अंतर भरण्याचे मार्ग अनेक आहेत आणि इतिहास घडतो तो त्या मार्गांच्या निवडीत.

आपल्याकडून या वादात सर्वांत गंभीर हस्तक्षेप केला तो रघुवीर सिंह यांनी. १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी असे मांडले की, छायाचित्रण भारतात जन्मले असते तर रंगाने पाहण्याचा प्रश्न पाश्चात्त्यांना जसा पडला तसा येथे पडलाच नसता. कृष्णधवलामागे पाश्चात्त्य मनाची अपराधभावना आणि मृत्यूचे भान आहे, भारतीय दृष्टीचा तो स्वभाव नव्हे. स्वतः सिंह यांची गंगेची आणि रस्त्यांची चित्रे या म्हणण्याच्या मागे भक्कमपणे उभी आहेत. आज भारतीय निसर्गाचे रंगीत चित्र केवळ ‘गंभीर’ दिसावे म्हणून करडे केले जाते तेव्हा सिंह यांचा आक्षेप लागू पडतो, आणि तो बोचावयास हवा. मात्र त्यांचा युक्तिवाद इतिहासात मागे नेता येत नाही. बोर्नचे करडे हे विषादातून आलेले नाही. तो विषाद निवडण्याची मुभा त्याला नव्हती. शिवाय ‘भारतीय दृष्टी’ एकवचनी मानली तर सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तील काशफुलांचे माळरान तिच्याबाहेर ठेवावे लागेल. त्याच राय यांनी ‘कांचनजंघा’ (१९६२) रंगांत केला. दार्जिलिंगमधील ऊन आणि धुके यांचा खेळ त्या कथेला रंगांत हवा होता. दोन्ही वेळा निवड निसर्गाच्या विशिष्ट मागणीशी जोडलेली दिसते, राष्ट्रीय स्वभावाशी नव्हे.

अंकीय स्थित्यंतराने खरोखर जे बदलले ते निवडीचे स्थळ आणि काळ. ॲडम्सने कड्यासमोर केलेली निवड आता घरी, मेजावर, आठवड्याने किंवा दहा वर्षांनी करता येते; ती मागे घेता येते; आणि रंगीत मूळ शाबूत राहिल्यामुळे प्रत्येक करडे रूप हे अनेकांपैकी एक म्हणूनच जगते. संहितेच्या अनेक पाठांची सवय असलेल्या अभ्यासकाला हे स्वागतार्ह वाटेल. परंतु दृश्याच्या उपस्थितीत घेतलेला निर्णय आणि त्याच्या स्मृतीवर घेतलेला निर्णय यांत जो फरक असतो तो पुसला जातो, आणि या फरकाची भरपाई सरकपट्ट्या करीत नाहीत. लायका कंपनीने २०१२ मध्ये रंगांचे फिल्टर मुळातच नसलेल्या संवेदकाचा एक कॅमेरा विक्रीस आणला. त्यात रूपांतर नाही, कारण रंग कधी नोंदलेच जात नाहीत. आकाश गडद हवे असेल तर भिंगापुढे पिवळी किंवा तांबडी काच लावावी लागते, १९२७ मध्ये लावली होती तशीच. महागडी हौस म्हणून याची टर उडविली गेली. पण ज्यांनी तो घेतला त्यांनी जादा रक्कम मोजली ती बऱ्याच अंशी मागे न फिरता येण्यासाठी.

संग्रहालयांच्या नोंदींत यांपैकी काहीच उतरत नाही. छायाचित्राच्या वर्णनात दृश्य, स्थळ, तारीख, आकार आणि ‘कृष्णधवल’ एवढा शब्द असतो. काच कोणत्या रंगांना आंधळी होती, फिल्टर होता काय, अंकीय रूपांतर असल्यास मूळ रंगीत फाइल जपली आहे की पुसली, यासाठी रकानाच नसतो. जुन्या चित्रांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रक्रियेच्या नावावरून बहुधा काढता येते. नव्यांच्या बाबतीत तो रकाना आज भरला नाही तर पुढील अभ्यासक आपल्या काळातील काळ्या आकाशांचेही तसेच अन्वयार्थ लावत बसतील, जसे आपण बोर्नच्या पांढऱ्या आकाशाचे लावतो.